थोरली तोफ आणि हिरेमठ सर

अवकाशयुद्धात मोठी तोफ कधी झाडावी आणि कधी झाडू नये, या विषयावर मी सोलापुरातल्या कुठल्याही बाईपेक्षा जास्त वेळ बोलू शकते. याचा मला आजवर काडीचा उपयोग झालेला नाही. हे ज्ञान मला हिरेमठ सरांनी दिलं, आणि न मागता दिलं.

मी शाळेत पर्यवेक्षिका. वेळापत्रक लावणं, गैरहजर शिक्षकाच्या तासावर दुसऱ्याला पाठवणं आणि मग दोघांचे टोमणे ऐकणं, हे माझं काम. हिरेमठ सर गणिताचे. जूनमध्ये वेळापत्रक लागताना बाकीचे शिक्षक शेवटचा तास मोकळा मागायचे. सर वेगळंच मागायचे. आठवड्यातून दोनदा त्यांचा, गुंडेटींचा आणि आणखी कुणा दोघांचा एकच तास मोकळा हवा. पहिल्या वर्षी मी कारण विचारलं, तर गंभीरपणे म्हणाले, "लढाईला चार मानसं लागत्यात, मॅडम. तीन असली की दोघं एक होत्यात आन् तिसऱ्याला मारत्यात."

मला वाटलं, पत्ते खेळतात. तास लावून दिला आणि एक दिवस मुद्दाम पकडायला गेले. शिक्षकखोलीतल्या मोठ्या टेबलावर चौकटीची सोलापुरी चादर अंथरलेली. तिच्यावर यंत्रमागाच्या लाकडी कांड्या उभ्या-आडव्या ठेवलेल्या, काही कांड्यांभोवती प्लॅस्टिकच्या बांगड्या, आणि मधेमधे शेंगदाणे. चार पदवीधर माणसं श्वास रोखून त्या पसाऱ्याकडे बघत होती. कांड्या म्हणजे अवकाशयानं, बांगडी म्हणजे ढाल, चादर म्हणजे अवकाश. चादर आणि कांड्या गुंडेटींच्या घरच्या. गुंडेटी आमचे कार्यानुभवाचे शिक्षक, पूर्व भागातल्या विणकर घरातले. ती चादर विणताना एका कोपऱ्यातल्या चौकटी बारीक झाल्या होत्या, म्हणून ती विकली गेली नव्हती. हिरेमठ सरांनी तो कोपरा 'भोवरा' म्हणून जाहीर केला. तिथे गेलेलं यान निम्म्या वेगाने चालायचं. विणकामातल्या चुकीला एवढा मान मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

सर उंच, थोडे पोक काढून चालणारे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असायचे, आणि दुसऱ्या तासानंतर त्यातलं विभूतीचं किती आणि खडूचं किती, हे सांगता यायचं नाही. वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे, शिक्षकखोलीत अक्कलकोटकडची, आणि घरून फोन आला की कानडी. मुलाने उत्तर बरोबर दिलं तरी "बरोबर" म्हणायचे नाहीत, "बघू" म्हणायचे. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी अजून भेटले की सांगतात, सरांनी आमचं ते उत्तर अजून बघितलेलं नाही.

अवकाशाचं वेड कुठून लागलं, ते नीट कधी सांगितलं नाही. सिनेमांवर मात्र त्यांचा राग होता. शेवटी नायकाकडे एक भलंमोठं शस्त्र सापडतं, तो कळ दाबतो आणि शत्रूचं अख्खं आरमार जळतं, असं काही दिसलं की ते तिकिटाचे पैसे वाया गेल्यासारखं तोंड करायचे, भले तो सिनेमा फुकट टीव्हीवर लागलेला असो. "मग आदीच का न्हाय दाबली? दोन तास काय करत हुता?" हा त्यांचा प्रश्न. त्याचं उत्तर द्यायला म्हणून त्यांनी हा खेळ रचला, असा माझा अंदाज आहे.

खेळात प्रत्येकाला ठरावीक वजन मिळायचं. त्यात बारक्या तोफा घ्या, उडती अस्त्रं घ्या, चपळ होड्या घ्या, नाहीतर सगळं वजन एकाच महातोफेत घाला. तिला सर 'थोरली' म्हणायचे. थोरली झाडली आणि लागली, तर समोरचं काहीही एका फटक्यात जायचं, ढालीसकट. म्हणून नवीन माणूस हमखास तीच घ्यायचा, आणि मग त्याला एकेक कळत जायचं. तोफ यानाच्या टोकापासून शेपटापर्यंत गेलेली, त्यामुळे ती फिरवता येत नाही, नेम धरायचा तर अख्खं यान फिरवायचं. भरायला तीन डाव लागतात. प्रत्येक डावाला यानाजवळ एक शेंगदाणा ठेवायचा, म्हणजे चादरीवरच्या सगळ्यांना दिसतं की इथे काहीतरी शिजतंय. भरताना सगळी शक्ती तोफेकडे जाते, म्हणून ढालीची बांगडी काढून ठेवायची. आणि झाडल्यावर यान इतकं तापतं की पुढचे दोन डाव नुसतं पडून राहायचं.

"का पण?" आमच्या इंग्रजीच्या बाईंनी एकदा विचारलं. "अवकाशात तर गार असतं ना."

सरांनी चहा बशीत ओतला. "गार हाय, पर वारा न्हाय. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बसलाय, दार बंद, फॅन बंद. घाम येतोय, वाळत न्हाय. मग उष्णता बाहेर टाकायला यानानं मोठमोठे पंख पसरायचे. ही बशी बघा. पसरला की चहा गार." एवढ्यात गुंडेटींचं कोपर लागून बशी कलंडली. सर ओल्या टेबलाकडे समाधानाने बघत म्हणाले, "हेच. गार व्हायचं तर पसरावं लागतंय, आन् पसरलं की कुनाचं तरी कोपर लागतंय."

थोरलीबद्दल त्यांचं एकंदर मत असं होतं: "घरात आनलेला मोठा फ्रीज हाय तो. दारातनं आत येत न्हाय, आल्यावर हलत न्हाय, आन् लाईट गेली की नुसतं कपाट." मग ती ठेवायचीच कशाला, असं मी विचारलं. त्यावर म्हणाले, ठेवायची, पण झाडायची नाही. दोन शेंगदाणे लावून थांबायचं. समोरचा त्या दोन दाण्यांकडे बघत स्वतःची चाल बिघडवून घेतो. झाडली, की सगळ्यांना कळलं तुमच्याकडे आता काय उरलंय ते. आणि हलकं यान तर नेमातून केव्हाच निसटतं, थोरली लागते ती फक्त हलू न शकणाऱ्यांना.

गुंडेटी या खेळात सतत हरायचे. होड्या घ्यायचे, त्या कुणाच्या वाटेला जाऊ नयेत म्हणून भोवऱ्यात नेऊन लपवायचे आणि तिथेच मारून घ्यायचे. वर विचारात पडले की शेंगदाणे खायचे. दुसऱ्याच्या अर्ध्या भरलेल्या तोफा त्यांनी अशा कितीतरी वेळा खाऊन टाकल्या. नियम कुठे लिहिलेले नव्हते, ते सरांच्या डोक्यात होते, म्हणून दाणा खाल्ला तर तोफ रिकामी धरायची की नाही यावर तास संपेपर्यंत वाद चालायचा. सर शेवटी म्हणायचे, "बघू."

एकदा शाळेच्या तपासणीला वरिष्ठ अधिकारी आले. त्यांना घेऊन मुख्याध्यापक नेमके त्या तासाला शिक्षकखोलीत शिरले. चादर, कांड्या, बांगड्या, सगळं समोर. मुख्याध्यापकांच्या तोंडचं पाणी पळालं. हिरेमठ सर शांतपणे उठले आणि म्हणाले, निर्देशक भूमितीचं शैक्षणिक साधन आहे, आपण बसता का. साहेब बसले. शस्त्रांची माहिती ऐकून घेतली आणि अर्थातच थोरली मागितली. मुख्याध्यापकांनी बघितलं, साहेबांनी थोरली घेतली, म्हणून त्यांनीही घेतली. मग दोघांची यानं एकमेकांकडे तोंड करून, ढाली काढून, दाणे लावत बसली, आणि गुंडेटींची एक वाट चुकलेली होडी दोघांच्या मधून जाता जाता दोघांनाही टोचून गेली. गुंडेटींचा तो आयुष्यातला एकमेव विजय. ते इतके घाबरले की साहेबांची माफी मागायला लागले. अहवालात मात्र 'नावीन्यपूर्ण साधननिर्मिती' असा शेरा आला. साहेब गेल्यावर सर मला म्हणाले, "बघितलंसा मॅडम? खुर्ची जितकी मोठी, तितकी थोरलीच लागतीय."

ही अक्कल त्यांनी शाळेच्या कारभारातही वापरलेली होती. आमच्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब. काही वर्षांपूर्वी त्यांनी शिक्षकखोलीच स्वतःच्या दालनासाठी घ्यायचं ठरवलं होतं. निवेदनं गेली, काळ्या फिती लागल्या, काही झालं नाही. हिरेमठ सर फक्त शिपायाजवळ एवढंच बोलले की आमरण उपोषणाला बसावं म्हणतोय. शिपाई आबासाहेबांच्या गावचा. संध्याकाळपर्यंत दालनाचा विषय मागे पडला. तेव्हापासून संस्थेत काही वाकडं व्हायला लागलं की सर शिपायाला उपोषणातल्या पथ्यपाण्याबद्दल काहीतरी विचारायचे. पाणी चालतं का, लिंबू चालतं का. एवढ्यावर आमची कितीतरी कामं झाली. ते प्रत्यक्ष बसले असते तर काय झालं असतं, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि तीच सगळ्यांची सोय होती.

मग गुंडेटींच्या बदलीची गोष्ट निघाली.

संस्थेची एक शाळा माळशिरसला आहे. तिथे सोलापुरातून एक शिक्षक पाठवायचा ठरला, आणि नाव निघालं गुंडेटींचं. कार्यानुभवाचे तास थोडे, माणूस मऊ, कुणाचा ओरडा होणार नाही, असा हिशेब. गुंडेटींच्या घरी वडील अंथरुणाला खिळलेले. आयुष्यभर मागावर कापसाची धूळ छातीत गेलेली, आता श्वासाला यंत्र लावावं लागायचं. ते लावणं, काढणं, म्हाताऱ्याला उठवून बसवणं हे शाळेआधी, मधल्या सुट्टीत आणि रात्री गुंडेटींकडे, कारण बायको दिवसभर कारखान्यात. माळशिरस काही सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं गाव नव्हे, निदान रोज तरी नव्हे. बदली झाली तर वडील राहतात का, इतका सरळ प्रश्न होता. गुंडेटी कुणाला काही बोलले नाहीत. त्यांनी शेंगदाणे खाणं बंद केलं, त्यावरून आम्हाला कळलं.

शिक्षकांची सभा झाली. निवेदन द्यावं, असं सगळे म्हणाले. हिरेमठ सर उठले आणि म्हणाले, आपण आमरण उपोषणाला बसतो. सभेनंतर मी त्यांना गाठलं आणि विचारलं, तुमचीच शिकवण काय आहे ती आठवते का.

"ते चादरीवर, मॅडम," ते म्हणाले. "हितं गुंडेटी हाय."

आता मी बाई व्यवहारी आहे. बसायचंच तर नीट बसा, एवढं माझं म्हणणं. त्यांनी आठ दिवसांची आगाऊ सूचना दिली. म्हणजे तोफ भरायला आठ दिवस, आणि त्या आठ दिवसांत आबासाहेबांनी बदलीचा आदेश काढून, गुंडेटींची सही घेऊन, पालकांच्या प्रतिनिधीकडून स्वतःच्या बाजूने पत्रसुद्धा घेतलं. वर सरांनी दिवस निवडला सोमवार. तोही श्रावणातला.

मी सांगितलं त्यांना. ते म्हणाले, आबासाहेब सोमवारीच शाळेत येतात. आणि जरा लाजून पुढे म्हणाले, "सोमवारी मला तशी सवय हाय. पैला दिवस हलका जाईल."

सोमवारी सकाळी फाटकाजवळ सतरंजी टाकून, मागे फलक लावून सर बसले. येणारा प्रत्येक पालक नमस्कार करून विचारायचा, सर, उपवास का? सर म्हणायचे, व्हय. पालक म्हणायचा, माझाही. दहा वाजेपर्यंत समोर केळी जमली. एका आईने साबुदाण्याच्या खिचडीचा डबा आणून ठेवला. आपण अन्नत्याग केला आहे असं सरांनी तिला समजावलं, तेव्हा ती म्हणाली, अहो, यात अन्न कुठंय, हे उपवासाचंच आहे. श्रावणी सोमवार म्हणून शाळा दुपारी सुटली. मुलं गेली, शिक्षक गेले, आणि रिकाम्या शाळेसमोर माणूस उपाशी बसला. शेजारचा पानवाला त्यांच्यापेक्षा कडक उपवास करत होता. तो पाणीसुद्धा पीत नव्हता.

दुपारी आबासाहेब आले. त्यांचाही सोमवार. ते सतरंजीवर सरांच्या शेजारी मांडी घालून बसले, तब्येतीची चौकशी केली, सोबत आणलेल्या माणसाने फोटो काढला. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात छापून आलं की श्रावण सोमवारनिमित्त अध्यक्षांनी ज्येष्ठ शिक्षकांसमवेत उपवास केला.

मंगळवारी आबासाहेब पुण्याला निघून गेले. सर बसलेलेच होते. उन्हात डोळे मिटायला लागले होते. मुलं खिडकीतून बघत होती आणि आठवी अ मध्ये पैज लागली होती. दुपारी त्यांच्या पत्नी, सुमंगला वहिनी, रिक्षातून उतरल्या. वहिनी घरी कडक भाकऱ्या करून नवी पेठेतल्या दुकानांना देतात. हाताला पीठ तसंच होतं. त्यांनी फलक वाचला, केळ्यांवरच्या माशा बघितल्या, आणि म्हणाल्या, "साकु री. मनिगे नडीरी." पुरे झालं, घरी चला. सरांनी मान वर केली नाही. वहिनींनी सतरंजीचं टोक उचललं आणि गुंडाळायला सुरुवात केली. सर बसलेले होते तिथपर्यंत ती गुंडाळत आली, मग त्यांना उठावंच लागलं.

त्यानंतर शिक्षकखोलीत उपोषणाचा विषय कुणी काढला नाही, आणि शिपाई सरांपुढे चहा आपटून ठेवायला लागला. आबासाहेबांनी पुण्याहून दोन नवीन फर्मानं पाठवली. शनिवारी पूर्ण वेळ शाळा, आणि दालनाचा जुना प्रस्ताव पुन्हा. आता ते कशाला घाबरणार होते?

गुंडेटींनी महिनाअखेरीस रुजू व्हायचं होतं. एका दुपारी चहाच्या वेळी मी, बोलता बोलता, कार्यालयातून कळलेलं सांगितलं. माळशिरसच्या शाळेने मागितला होता गणिताचा शिक्षक. त्यांचा गणिताचा माणूस गेला होता, दहावीला कुणी नव्हतं. संस्थेने मात्र ज्याला ढकलणं सोपं, त्याचं नाव लावलं.

हिरेमठ सरांनी बशी खाली ठेवली. "तितं गणिताचा मानूस लागतोय व्हय?"

"हो," मी म्हटलं. "कार्यानुभवाचा नाही."

"आन् हितलं गणित?"

गुंडेटी बी.एस्सी. होते, गणित घेऊन. ते मी सांगितलं. गुंडेटींनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी त्यांचं जुनं लग्न उघडकीला आणलं. सरांनी उरलेला चहा प्यायला आणि तासावर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा अर्ज कार्यालयात होता: गुंडेटींच्या ऐवजी मला माझ्या विनंतीवरून माळशिरसला पाठवावं. आबासाहेबांनी त्याच दिवशी सही केली. उपोषणाला बसणारा शिक्षक स्वतःहून गाव सोडतोय, यापेक्षा त्यांना काय हवं होतं? सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. वहिनी, भाकऱ्यांचा धंदा, सगळं सोलापुरात. गुंडेटी म्हणतात, सरांनी त्याग केला. इंग्रजीच्या बाई म्हणतात, खिचडीनंतर त्यांना इथे तोंड दाखवणं जड जात होतं. मला दोन्ही खरं वाटतं. मी नवीन वेळापत्रक केलं आणि नववी ब चं गणित गुंडेटींना दिलं. त्यांनी ते फार वाईट शिकवलं.

सर सोमवारी पहाटेच्या एसटीने जायचे आणि शनिवारी रात्री परतायचे. असे अडीच महिने गेले. कार्तिकातल्या एका सोमवारी पहाटे मला गुंडेटींच्या बायकोचा फोन आला. म्हातारे गेले होते. मी रिक्षा केली ती आधी स्टॅंडवर नेली. सर गाडीत बसलेले होते. मी खिडकीतून सांगितलं. ते खाली उतरले, पिशवी वाहकाकडून मागून घेतली आणि माझ्याबरोबर रिक्षात बसले.

दुपारी सगळं उरकल्यावर गुंडेटी दाराबाहेरच्या ओट्यावर बसले होते. श्वासाचं यंत्र कुणीतरी बाहेर आणून ठेवलं होतं. सर शेजारी जाऊन बसले. मी जरा लांब उभी होते, तरी ऐकू आलं.

"सर, आता मला हितं अडकायचं कारन न्हाय," गुंडेटी म्हणाले. "तुमी परत या. मी जातो तिकडं. मी आबासाहेबांना सांगतो."

"बघू," सर म्हणाले. "आदी दिवस हुंदेत."

चारच्या गाडीला मी त्यांना सोडायला गेले. मला वाटत होतं, गुंडेटी म्हणाले ते रास्त आहे, आणि मी कार्यालयातून ते महिन्याभरात घडवून आणू शकले असते. आदेश कसा काढायचा, कुणाची सही आधी घ्यायची, हे मी रिक्षातच सांगून टाकलं. ते ऐकत होते. गाडी लागली तेव्हा पिशवी खांद्याला लावून म्हणाले, "मॅडम, गुंडेटीला येवढं सांगा. तितं गणिताचा मानूस लागतोय. कार्यानुभवाचा न्हाय."

"आणि वहिनी?"

"तिला मी सांगितलंय. ती हसली." मग जरा थांबून म्हणाले, "नववी ब ला भूमिती कुटपर्यंत आलीय?"

मी म्हटलं, जिथे तुम्ही सोडली होती तिथेच आहे.

त्यांनी मान हलवली आणि गाडीत चढले. मी माझ्या बाजूच्या खिडक्यांमध्ये शोधलं, ते दिसले नाहीत. गाडी वळली तेव्हा दिसले. ते पलीकडच्या बाजूला, सावलीतल्या एका जागेसाठी, दोन पोत्यांच्या मालकाशी उभ्यानेच वाद घालत होते.